ट्रंक बुकिंगच्या बायका सहलीला जातात

कॅम्पातल्या एक्स्चेंजला कुलूप लागून वर्षं झाली.
उरलो आम्ही अकरा जणी, भाड्याचा एक टेंपो
आणि फकीरप्पा ड्रायव्हर, ज्याच्या जन्माआधीच
ट्रंक कॉल मेला होता.
"कुठं जायचं मावशी?"
मालन पावशे म्हणाली,
जिथं जिथं फोन जोडून दिला, तिथं.

खानापूर आम्हाला माहीत होतं
बोर्डाच्या दुसऱ्या ओळीतलं चौथं भोक म्हणून.
दोरी खुपसली की पलीकडे कुणीतरी खोकायचं.
त्या भोकात इतकं जंगल असेल
असं कधी वाटलं नव्हतं.
जांबोटीपुढे भर दुपारी रस्त्यावर अंधार,
हसीना सनदीनं चष्मा पुसला, परत घातला,
तरी तेवढाच अंधार.
कणकुंबीत मलप्रभा निघते
ती पदराचं टोक भिजेल एवढीच.
तिथं एका घरी नाचणीची भाकरी, कुळथाचं सार.
घरधनीण सांगत होती, गावात एकच फोन, पोस्टातला,
भाऊ गेल्याचं त्याच्यावरच कळलं.
आमचे घास हातात थांबले.
आमच्यातल्याच कुणीतरी जोडला असणार तो कॉल.
कोणत्या साली, ते कुणी विचारलं नाही.
तिनं सार वाढलं. आम्ही वाटी पुढे केली.

दुसऱ्या दिवशी झाडं संपली.
सौंदत्तीकडची काळी माती,
तिच्यावर ज्वारी, ज्वारीवर सगळं आभाळ,
मधे डोळ्याला टेकायला काही नाही.
फकीरप्पाच्या आईकडे जेवलो.
कडक भाकरी, एण्णगाई, कारळ्याची चटणी, मातीच्या गाडग्यातलं दही.
प्रमिला कंग्राळकरनं चौथी भाकरी संपवून
मगच सांगितलं की तिला शुगर आहे.
आमचं कानडी ऑपरेटरचं.
"लाइन बिझी ऐती", "स्वल्प तडीरी".
तेवढ्यावर अख्खं जेवण निभावलं,
म्हातारी हसून हसून चुलीपाशी बसली.

गोकाक मात्र भोक नव्हतं. गोकाक माणूस होतं.
बावीस वर्षं आम्ही तिला गोकाक म्हणायचो,
ती आम्हाला बेळगाव.
रात्रपाळीत तिनं करदंट शिकवलं,
गूळ किती, डिंक कधी फुलवायचा,
आणि पाकाच्या ऐन वेळी
निपाणीच्या तंबाखूवाल्याचा अर्जंट कॉल घुसायचा.
पावसाळ्यात तिच्या मागे धबधबा ऐकू येतो
असं मालन शपथेवर सांगायची.
ती लाइनची खरखर होती. आम्ही बोललो नाही कधी.

पौषातला धबधबा.
काळ्या कड्यावरून चार-पाच पांढऱ्या दोऱ्या लोंबतायत,
आमच्या बोर्डावरच्या,
कुठेच न जोडलेल्या.
झुलत्या पुलापाशी आम्ही उंच बाई शोधत होतो.
आवाजच तसा होता तिचा.
एक ठेंगणी म्हातारी डबा घेऊन मघापासून उभी.
"गोकाक?" मालननं विचारलं.
तिनं उजवा कान पुढे केला.
डावा हेडफोनखाली राहून राहून गेलेला.
"गोकाक?" आता आम्ही सगळ्याच ओरडलो,
पुलावरची पोरं वळून बघायला लागली.
"हां बेळगाव. बोला."

मग दीड तास खडकावर.
आम्ही नेलेला कुंदा तिनं चाखला,
दूध जरा जास्त आटवलंय म्हणाली.
मालननं तिचा उजवा कान धरून ठेवला होता,
म्हणजे खरंच हातात,
आणि त्यात काय सांगत होती, आम्हाला कळलं नाही.
तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

फकीरप्पानं हॉर्न दिला.
ती खिडकीशी आली, डबा आत सरकवला,
आणि त्या जुन्या, सरळ, सरकारी आवाजात म्हणाली,
"तीन मिनिटं झाली. वाढवू का?"

तोपर्यंत डबा उघडला गेला होता.
करदंटाचा डिंक अकरा जणींच्या दातांना चिकटला होता.
गाडी वळली तरी
आम्ही नुसत्या माना हलवत होतो,
आणि तिला तर
ऐकूनच कळायची सवय.