पेटीत काय घालावं

गटाच्या पैशातून पंचवीस पिल्लं आली,
त्यातली एकोणीस राहिली.
आता तलंगा झाल्यात.
दुपारी कोपरा न् कोपरा बघत हिंडतात
मान वाकडी करून,
भाड्याची खोली बघायला आलेल्या बाईसारख्या.

ट्रेनिंगवाल्या मॅडम म्हणाल्या, तूस घाला,
भाताचा तूस.
आमच्या धारूरच्या घाटात भात
कुकरमध्ये दिसतो तेवढाच.

सोयाबीनचं भुसकट घालून पाहिलं.
शेंगांची टोकं वाळून सुया होतात,
आणि एका रात्री पाण्याचं भांडं लवंडलं
की चौथ्या दिवशी पांढरी बुरशी,
खाली हात घातला तर गरम.
बाजरीचं भूस नकोच, कुसळं डोळ्यांत जातात.
भुईमुगाची टरफलं बरी,
पण चुकून राहिलेल्या एका दाण्यासाठी
एकोणीस जणी मिळून सगळं उकरून अंगणात आणतात.
कडब्याचं नाव काढलं
तर सासऱ्यांनी म्हशीकडं बघितलं,
माझ्याकडं नाही.

मग केजला, मुनीरभाईंच्या वखारीत.
बारीक भुसा नेऊ नका ताई, म्हणाले,
कोंबडी शिंकते त्यानं.
माणसासारखीच शिंकते, फक्त लहान.
रंध्याखालची साल न्या.
लिंबाची, वळलेली, कडू वासाची दोन पोती.
पैसे घेतले नाहीत,
अंडी सुरू झाली की दोन आणा, म्हणाले.

खाली चुना भुरभुरला, वर चार बोटं साल.
रोज सकाळी मूठभर उचलायची,
आवळायची, सोडायची.
गोळा राहिला तर ओल आहे,
सुटून पडलं तर बरं.
ट्रेनिंगमधलं एवढं एक खरं निघालं.

पण हे झालं जमिनीचं.
अंडी घालायला आंब्याच्या तीन पेट्या
आडव्या लावल्यात भिंतीला, त्यांचं काय?
प्रांजली म्हणाली, पाचट घाल की,
खळ्यापाशी ट्रॉलीभर पडलंय, फुकट.
नको, म्हटलं.
का?
धार असते त्याला.
तिनं एक पान गालावरून ओढून दाखवलं.
उलटं ओढ, म्हटलं.

आणि विळ्यावर गव्हाचं काड चिरत बसले,
वीत वीत.
तिला सांगितलं नाही,
कारखान्यावरच्या कोपीत, पौषात,
फडातून कवळ्यानं आणलेलं पाचट,
त्यावर पोतं, पोत्यावर माझंच जुनं पातळ.
काय अंथरू, असं कुणी विचारलं नव्हतं.
कुणाला वेळ होता,
पहाटे गाडी भरायची होती.
पाठीवरच्या रेघा सव्वा महिना झोंबत होत्या.
तिच्या अंगावर ओरखडा नव्हता,
ते मात्र बघितलं होतं,
चिमणीच्या उजेडात, दोनदा.

सोमवारी बोडक्या मानेची ओरडली.
तिसरी पेटी.
लिंबाचा पाला, काड,
आणि काडाखाली
तळहातांवर चोळून चोळून मऊ केलेलं पाचट.
वर अंडं. पहिलं, म्हणून बारकं,
एका बाजूला रक्ताची रेघ.

मी पोरीकडं बघितलं.
आत्यानं सांगितलंय मला, ती म्हणाली, कधीच.
मग जरा थांबून,
मधला दांडा काढून टाकला ना,
की नाही टोचत.

अंडं अजून गरम होतं, पदरात घेतलं.
पाचट राहू दिलं तसंच,
वरून आणखी एक मूठ काड टाकलं.
मुनीरभाईचं एक तर झालं.
दुसरं कधी घालते बघू.