डेडस्टॉक

मार्च संपत आला की मी वही काढतो.
तांबड्या पुठ्ठ्याची, लांबट, पुरात भिजलेली,
मग इस्त्रीनं वाळवलेली. पानं अजून
पापडासारखी वाजतात.
भरमू पुढं, किल्ल्यांचा जुडगा घेऊन.
मी मागं, कानावर पेन्सिल.

खोली एक. बाकं चोवीस. फळा एक.
भरमू बोटानं मोजतो, मी डोळ्यानं,
आणि आमचे आकडे कधीच जुळत नाहीत.

यंदा मोजायला नवंच सांगितलंय :
दर विद्यार्थ्यामागं किती चौरस फूट,
आणि प्रत्येक खोलीचा फोटो, अक्षांश-रेखांशासकट,
समिती यायच्या आत.
"खोली पळून जाणाराय का कुठं?" भरमू म्हणाला.
मोबाइलनं पहिल्याच झटक्यात
मुलांचा संडास कृष्णेच्या पात्रात दाखवला.
एकोणीस साली तो तिथंच होता,
म्हणून मी दुरुस्ती केली नाही.

रंगारी शौकत पटवेगार, मिरजेहून आलेला,
जिन्याजवळच्या रेघेपाशी थांबला.
पाण्याची रेघ. माझ्या कपाळाएवढी.
"साहेब, झाकू का ठेवू?"
प्राचार्यांना फोन लावला, ते ऑनलाइन बैठकीत.
परत लावला, बैठक तीच.
शौकतनं मग रेघेच्या वर एक हात दिला,
खाली दोन,
रेघ तेवढी सोडली.

वसतिगृहाचा दुसरा मजला.
खाटा बत्तीस, गाद्या एकोणतीस, मुलं पाच.
बाकीची घरूनच शिकतात, किंवा पुण्यात,
किंवा शिकत नाहीत; मला तेवढं कळवत नाही कुणी.
कबुतरं मोजायचा रकाना नाही.

खोली अकरा. अर्धमागधी.
शेवटच्या वर्षी एकच मुलगी, त्रिशला उपाध्ये,
समडोळीहून सायकलवर यायची.
सर तिला एकटीला शिकवायचे
आणि रोज हजेरी घ्यायचे. नाव पुकारून.
सर निवृत्त झाले. जागा भरली नाही.
आता दारावर पाटी : कौशल्य विकास कक्ष.
आत बारा शिलाई मशिनं, खोक्यातच,
शिकवणाऱ्या बाईंची फाइल मुंबईला.
मशिनं मी लिहून घेतली.
सरांची खुर्ची तशीच होती,
एक पाय विटेवर. तीही लिहिली,
वीट सोडून.

खोली सतरापाशी भूगोलाचे नवे सर उभे.
नवे म्हणजे सहा वर्षं झाली, तासिका तत्त्वावर.
सकाळी आष्टा, दुपारी सांगलीवाडी,
मधे आयर्विन पुलावर मोटारसायकल थांबवून डबा.
नकाशे पाठीवर घेऊन हिंडतात,
बाणाच्या भात्यासारखे.
"एखादा कप्पा मिळेल का? कुलपाचा?
भारताची घडी फाटायला लागलीय."
किल्ली फक्त कायम सेवकांना, असा ठराव आहे.
ठरावाचं अक्षर माझंच.

जिन्याखाली एक लोखंडी कपाट आहे,
चिखल खाल्लेलं, दार तिरकं.
ते मी वीस सालीच निर्लेखित केलं :
अनुक्रमांक एकशे बेचाळीस, भंगार, वजन साठ किलो.
भंगारवाला आलाच नाही.
म्हणजे कागदावर कपाट नाही.
मस्टरवर सरही नाहीत.
मी दोघांची गाठ घालून दिली.

भरमूनं पोराच्या सायकलचं कुलूप काढून आणलं.
सरांनी नकाशे आत ठेवले, आडवे,
मग डबा, मग जरा थांबून
चपला.
पायांना हवा लागू दे म्हणाले दोन तास.

संध्याकाळी आम्ही बेरीज मांडत बसलो.
बाहेर शौकत बादल्या धूत होता,
पाणी पांढरं होऊन गटारात चाललं होतं.
"जिन्याखाली काय लिहू?" भरमूनं विचारलं.
"जिना लिही."
"किती नग?"
"एक."