उलट्या अक्षरांचा जिल्हा

लिराच्या बाजारात, चपला सांधणाऱ्याच्या शेजारी
माझं दुकान: एक स्टूल, एक ब्लेड, टायरचे तुकडे.
मी देश कोरतो. उलटा.
वडिलांनी हात धरून शिकवलं तेव्हा
जिल्हा एकच होता, एक शिक्का वर्षभर पुरायचा.

मग वाटण्या सुरू झाल्या.
भाऊ वेगळे निघतात तसे तालुके निघाले,
कुणी नदी घेतली, कुणी दवाखाना,
एकाच्या वाट्याला नुसता डांबरी फाटा.
खोटं कशाला बोलू, दर वाटणीला माझी चूल पेटली.
थोरलीची फी दोन जिल्ह्यांनी भरली,
घरावरचे पत्रे तिसऱ्याने.

या खेपेला आलेनोचा साहेब आला.
कचेरी नाही, खुर्ची नाही, शिपाईसुद्धा नाही,
शिक्का मात्र उद्या सकाळी हवा.
हातात कागद, कागदावर चतुःसीमा:
पूर्वेस मिशनची विहीर,
पश्चिमेस बंद पडलेली सरकी गिरणी,
उत्तरेस शियाचं झाड
(ते गेल्या साली वीज पडून गेलं, मी बोललो नाही),
दक्षिणेस पपायरसची दलदल, मध्यापर्यंत.
मध्यापर्यंत म्हणजे कुठपर्यंत?
तो म्हणाला, तू कोर.

रात्री आबेजा आली, माझी बहीण,
पाठीला नात बांधलेली, नऊ दिवसांची.
दवाखान्याकडे जाताना दलदलीच्या बांधावर
बोडाबोडाच्या सीटवरच जन्मली पोर.
अलीकडचा कारकून म्हणतो, ती पलीकडची.
पलीकडचा म्हणतो, आमच्याकडे अजून रजिस्टरच नाही.
मोटारसायकल कुठल्या जिल्ह्यात होती, सांगा.
"चालत होती," आबेजा म्हणाली.
सून ओरडत होती, पोरगा हॉर्न वाजवत होता,
मैलाचा दगड बघायला सवड कुणाला?

मी ऐकत होतो, फोनच्या उजेडात कोरत होतो.
वाटतं हात आपला आपण चालतो.
पण हातालाही कान असतात.

चौथ्या दिवशी साहेब तणतणत हजर.
आलेनोतला एन मी सुलटा कोरला होता,
म्हणजे कागदावर तो उलटा उठला.
तीनशे कागद होऊन गेले होते:
पगार, बदल्या, गुरांचे परवाने.
दुसरा देतो म्हटलं, फुकट.
त्याने शिक्का तळहातावर उठवून पाहिला,
हसू आवरलं, आणि नवा कधी मिळेल विचारलं.

नव्या शिक्क्याचा हात खाजतच असतो.
पहिल्याच दिवशी, आंब्याखाली मांडलेल्या टेबलावर,
पुढे येईल त्यावर तो ठोकत गेला,
आणि रांगेत आबेजा होती.

पोरीचा दाखला आता ट्रंकेत आहे,
तिळाच्या बियाण्याखाली, चार घड्या घालून.
जन्मठिकाण म्हणून जे नाव उठलंय
ते कुठल्याच नकाशात नाही.
असलंच तर दलदलीच्या मधोमध असेल,
जिथे बांध जरा खचलाय
आणि सगळेच गाडी हळू करतात.