आतला थर

डुक्कर आज पहाटे कापलं, हॉर्सेन्सच्या कत्तलखान्यात.
हृदय बर्फाच्या डब्यातून गाडीनं आलं,
मी सायकलनं. दोघंही सारखेच गारठलो.
आऱ्हूसच्या बंदरावरून असा वारा सुटलाय
की सीगलसुद्धा आज चालत निघालेत.

राउना, चिमटा असा धर.
चरबीला धर, बाहेरून. आत घालू नकोस.
आत पेशींचा एकेरी थर आहे,
सायीहून पातळ,
आणि या अख्ख्या इमारतीत
विचारलेलं ऐकून घेणारं तेवढंच कुणीतरी आहे.

दोन मिलिमीटरची कडी काप.
दोन तारांवर ओव. बुडव:
सदतीस अंश, मीठ, थोडी साखर, बुडबुडे.
आधी आवळू दे तिला. पडद्यावरची रेघ चढली?
आता सबस्टन्स पी, अकरा मण्यांची माळ,
एकच थेंब.

बघ, उतरली.
ती माळ स्नायूशी बोललीच नाही.
अस्तराच्या कानात काहीतरी सांगितलं,
आणि अस्तर स्नायूला म्हणालं, सोड.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात
सतरा कड्या लावल्या, एकही सैल होईना.
औषध शिळं, कुणी म्हणालं. पाणी खराब, कुणी म्हणालं.
चिमटा माझा होता.
मी आतून पुसून घेतल्या होत्या सगळ्या,
चांगल्या घरच्या मुलीसारख्या,
लख्ख.

आता दुसरी माळ. एकवीस मणी. एंडोथेलिन.
हीसुद्धा अस्तरच घडवतं.
हो, तेच अस्तर. मलाही पटलं नव्हतं.
रेघ बघ, घाई नाही तिला,
जिना चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखी चढते
आणि वर पोचली की दार लावून घेते.
धू. पाणी बदल. परत धू.

ऑक्टोबरात आस्गरच्या धमन्यांची चित्रं काढली.
डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला:
तिन्ही मोकळ्या, कुठे अडथळा नाही.
"स्वच्छ आहेत," म्हणाले.
मी आभार मानले. कोट घातला.
चिमटा आठवला तो पार्किंगमध्ये,
आणि तेव्हा आस्गर गाडी पुसत होता, शीळ घालत.

पाहिलं होतं त्यांनी. विचारलं नव्हतं.
मीही नाही विचारलं,
एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या कड्यांना विचारणारी.

फेब्रुवारी. पहाटेचे चार.
स्वयंपाकघरातला दिवा,
ओट्यावर त्याचा एक हात,
दुसऱ्याची मूठ.

काय म्हणत होते मी?
हं. वहीत लिही: नववी धुणी, ताण तसाच.
पेनानं लिही, पेन्सिलनं नको.
तू जेवून ये, कँटीन दीडला बंद होतं,
आज मटार आहेत.
मी बसते इथे.

कधी कधी चाळीस मिनिटांनी सोडते.
कधी सोडत नाही.