रकाना चौथा

शकूरभाई इतवारीतून येतो
कांद्याच्या पिशवीत जुने पेपरवेट घेऊन.
"देखो ना साहेब, हा कुठचा हाय?"

साहेब मी कधीच नव्हतो.
खनिजांच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं
दगड पाण्यात बुडवून तोलणारा सहायक.
मनसरचं मँगनीज कोणतं, बालाघाटचं कोणतं,
तळहातावर घेऊन सांगायचो.
आता काच ओळखतो. म्हणजे
ओळखल्यासारखं करतो.

वहीला चार रकाने:
तारीख, वजन, खुणा, मूळ.

आधी उलटा करायचा.
माणसाचं तोंड पाहतात, ह्याचं बूड.
सळईवरून तोडल्याचा व्रण खरबरीत राहिला असेल
तर कारागिराला पुढचा नग करायची घाई होती;
घासून गुळगुळीत केला असेल
तर कुणाला तरी तेवढा वेळ परवडत होता.
मग बुडबुडे मोजायचे, भिंगाखाली.
मग सोनाराच्या काट्याला दोऱ्याने टांगून
पाण्याच्या पेल्यात सोडायचा.
शिसं असलं तर पाण्यातही तोरा जात नाही,
नसलं तर बहुधा चिनी नक्कल,
फुलं तीच, पण पाकळ्या मेणचट.
शेवटी न्हाणीघरात, दार लावून,
नकली नोटा ओळखायच्या जांभळ्या टॉर्चखाली.
सून बाहेरून विचारते, "बाबा, अजून किती वेळ?"

रामदासपेठेतल्या वत्सलाबाई चेंडक्यांना
सगळेच फ्रान्सचे हवे असतात.
सात आणले होते. साती फिरोजाबादी निघाले.
सहांचं सांगितलं.
सातवा त्यांच्या वडिलांच्या टेबलावरचा होता,
त्याच्यापुढे मी फ्रान्स लिहिलं.
पेन्सिलीने नाही, शाईने.

हा मात्र एप्रिलच्या शेवटी आला,
कुठल्याशा जुन्या कचेरीच्या लिलावातून,
दोन मोडक्या खुर्च्यांवर फुकट.
बेलफळाएवढा. आत फूल नाही, चित्र नाही,
नुसती निर्मळ काच आणि राखेचा एक कण,
मधोमध नाही, जरा बाजूला.
बुडाची एकच कड झिजलेली.
कुणी डावखुरा कारकून
कूलर सुरू झाला की ह्याला फायलीवर सरकवत असणार,
पाच वाजता परत कडेला,
असे किती उन्हाळे, कोण जाणे.
घनता दोन पूर्णांक नऊ:
ना ह्या घरचा आकडा, ना त्या.

टॉर्चखाली तो पोपटी उजळला.

पोपटी म्हणजे मँगनीज.
काचेचा हिरवट मळ धुवायला
भट्टीत चिमूटभर टाकतात ते.
मी ओल्या फरशीवर तसाच बसून राहिलो.
इथला काळा दगड मालगाडीने बंदरावर,
बंदरातून बोटीने कुठल्याशा थंड गावी,
तिथे कुणी तो कुटून काचरसात घातला असेल,
दुसऱ्याचा रंग घालवून स्वतः दिसेनासा झाला असेल,
आणि मग परत इथेच, नागपुरात,
सरकारी कागद उडू नयेत म्हणून.
असेल. मँगनीज रशियातही निघतं.
प्रयोगशाळेत असं कुणी बोललं असतं
तर मीच पहिला हसलो असतो.

वही उघडी ठेवून चहाला उठलो.
मे महिना, सकाळचे नऊ, पूर्वेची खिडकी.
पहिल्यांदा वास आला.

कागद सांभाळणं हेच ज्याचं काम,
त्यानेच ऊन गोळा करून
चौथ्या रकान्यात, जिथे मी अजून काही लिहिलं नव्हतं,
ज्वारीच्या दाण्याएवढं भोक पाडलं होतं.
कड तपकिरी. बोट लावलं तर अजून गरम.

शकूरभाई दारातूनच म्हणाला, "मंग? पता लागला?"
त्याला पन्नास दिले, वर पाणी दिलं.
म्हटलं, बघतो.

पान डावीकडचं. भोकातून
त्याच्या मागल्या पानावरचं एक अक्षर दिसतं,
अर्धंच, फ चं पोट.
फिरोजाबादचा असेल, किंवा त्या दुसऱ्या गावाचा,
शाईने लिहिलेल्या.
अजून पान उलटलेलं नाही.