ठसा उमटत नाही

दुय्यम निबंधक कार्यालय, नाशिक. दुसरा मजला.
माझ्या टेबलावर कॅमेरा, शेजारी एक छोटी काच,
काचेखाली लाल उजेड.
अंगठा ठेवा, मी म्हणते.
दिवसातून साठ-सत्तर वेळा म्हणते.

लग्नसराई संपली की हक्कसोडपत्रं वाढतात.
का ते मला विचारू नका.
आहेराचे हिशेब तोवर ताजे असत असतील.

आज छबूबाई दत्तू मोगल, राहणार मोहाडी.
माहेरच्या छबू कारभारी थेटे, मातोरीच्या.
पंधरा गुंठे,
शेजारून रस्त्याची मोजणी गेल्यापासून
ज्या मातीला घरात कोणी माती म्हणत नाही.
मोबदला : निरंक.
कारण : बंधुप्रेम.
हा शब्द दस्तलेखकाकडे टाइप करूनच ठेवलेला असतो,
फक्त नावं बदलतात.
खाली, स्वखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय.

भाऊ दोघं भिंतीला टेकून.
थोरल्याच्या हातात पिशवी, पिशवीत सेमी पैठणी.
सेमी का? मनात आलं.
येवला इथून किती लांब आहे?

अंगठा ठेवा.
यंत्र म्हणालं, ठसा उमटत नाही.
पदराला पुसून ठेवा.
ठसा उमटत नाही.
डावा ठेवा.

छबूबाई हात उलटा करून बघतात,
जसं काही दुसऱ्या कुणाचा आहे.
"पेस्ट लावून गेलं हो ताई.
छाटणी झाली का काडीच्या एकेका डोळ्याला लावायचं.
मग विरळणी. कात्री.
तीस वर्षं.
गडी फवारणीचा ट्रॅक्टर हाकतो, त्याला सहाशे,
आम्हाला साडेतीनशे. आमचं काम नाजूक ना."

हसल्या. त्यांच्या मागे रांगेतला एक माणूसही हसला.
तो कशाला हसला कोण जाणे.

माझी मावसबहीण पॅकहाऊसला आहे, डोक्याला जाळी लावून.
ती सांगते, प्रत्येक पेटीवर लिहिलेलं असतं
कोणता गट, कोणती ओळ, कोणत्या दिवशीची तोडणी.
साहेब तिकडून बोट ठेवतील तो घड इथं सापडतो.
कुणी तोडला, याचा रकाना नाही.
मग पेटी रॉटरडॅमला जाते,
आणि तिथं एक बाई (असणार बाईच)
दिवसभर ती काचेवरून सरकवते
आणि यंत्र प्रत्येक वेळी टुक् करून हो म्हणतं.
पलीकडच्या गल्ल्यावरच्या गड्यापेक्षा
तिला किती कमी मिळतं,
मी विचारलेलं नाही.
पण बघा, मी "कमी" असंच म्हणून गेले.

लेक परक्याचं धन, म्हणतात आमच्यात.
आणि धनाला कुठं धन देतात?
म्हणून पिशवी. म्हणून दिवाळीची ओवाळणी.
म्हणून थोरला आत्ता अगदी मऊ आवाजात म्हणतोय,
"आक्का, दाब जरा. माहेर काय कुठं जातंय?"

छबूबाई काचेकडे बघत हळूच म्हणाल्या,
"ते नको म्हणतंय, ताई."

अशा वेळी एक बटण असतं.
"ठसा अस्पष्ट" म्हणून टिक करायची,
शाईचा अंगठा घ्यायचा, दोन ओळखदार, झालं.
नऊ वर्षांत शेकडो वेळा दाबलंय.

मी म्हटलं, सर्व्हर डाऊन आहे. सोमवारी या.

धाकटा चिडला. थोरल्याने घड्याळ पाहिलं.
छबूबाई उठल्या, पिशवी घ्यायच्या राहिल्या
की घेतली नाही, मला दिसलं नाही.
जिन्यापाशी थांबून विचारलं त्यांनी,
"सोमवारी नाही जमलं तर?"
मी पुढचा दस्त उघडत होते.

सोमवारी येतील त्या. बहुतेक येतात.
तळहाताला रात्री खोबरेल लावून येतात,
रेषा वर याव्यात म्हणून.

माझं हक्कसोडपत्र चार वर्षांपूर्वीचं.
मी रजा टाकली होती,
टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसता येत नाही.
माझ्या खुर्चीवर त्या दिवशी गोसावी होता.
अंगठा ठेवा मॅडम, तो म्हणाला.
माझे हात कीबोर्डवरचे, मऊ.
पहिल्याच वेळी
हिरवा उजेड.