डहाळीतलं पाणी

कुईसेब वर्षातून दहा-बारा दिवस वाहते,
तेही वाहिली तर.
एरवी ती वाळूखाली पडून असते,
आजारी माणसासारखी, डोळे मिटून, पण जागी.

लुक्रेशिया दर सोमवारी आडात दोरी सोडते.
गाठी तिच्या आईनं मारलेल्या.
आईच्या वेळी अकराव्या गाठीला ओल लागायची.
आता सोळावीही कोरडी वर येते.

मी विंडहुकहून आले ती डहाळ्या कापायला.
बोटभर डहाळी, काचेची नळी, घट्ट बूच, बर्फाची पेटी.
झाडाला विचारायचं नाही, डहाळीतल्या पाण्याला विचारायचं:
तू धुक्याचं, की गेल्या पुराचं, की पार तळाचं?

नाराला पानंच नाहीत.
पान ठेवलं की पाणी उडणार,
म्हणून तिनं नुसते हिरवे काटे ठेवले
आणि वाळूत लपवलेली फळं.
गनाब दुपारी तोंड मिटून घेतो,
म्हातारी माणसं उन्हात बोलणं टाळतात तसा.

आणि वेडी बाभूळ.
एक मुळी वर पसरलेली, एक खाली उतरलेली:
शिंतोडा आला तरी तिचा,
तळ हलला तरी तिचा.
तिच्या डहाळीतलं पाणी
प्रत्येक वेळी वेगळंच गाव सांगायचं.

"पाणी कुठं मुरतंय ते कळलं," मी म्हणाले.
लुक्रेशियानं मान हलवली नाही.
"ते पहिलं झाड माझ्या बापानं लावलं.
शेळ्या पटापट मरत होत्या त्या वर्षी.
शेंगा गोड होत्या. आम्हीही खाल्ल्या."
मग थोड्या वेळानं:
"बाकीची शेळ्यांनीच पेरली. लेंड्यांतून. पार खाली समुद्राच्या बाजूला."

तिचा भाचा एसेगिएल करवत घेऊन आला.
काटे असे, की त्यानं बापाचे जुने बूट घातले होते.
नदीच्या वाकणावरची चाळीस तोडली,
बुंध्यांना औषध फासलं,
सरपणाचा ढीग घरापेक्षा उंच झाला.
पहिल्या झाडापाशी आला तेव्हा
ती म्हणाली, "हे शेवटी."

माझ्या नळ्यांचे आकडे तक्त्यात बसले.
सात महिन्यांनी तिचा निरोप आला,
एसेगिएलच्या फोनवरून, त्याच्याच अक्षरात:
पंधरावी गाठ बोटांना गार लागते.
ओली की नुसतीच गार, मावशीला ठरवता येत नाही.
ती सोमवारची वाट बघते आहे.
बापाच्या झाडाखाली बसून.